खेळाडूला मत का द्यायचं?

अमेरिकेच्या काँग्रेसमध्ये आजवर ऑलिंपिकचे सुवर्णपदकवाले बसले, बेसबॉलच्या ‘हॉल ऑफ फेम’मधला पिचर बसला, ज्यूदोवाला बसला, मैलाच्या शर्यतीत जागतिक विक्रम करणारा बसला. कुस्तीच्या नाटकी रिंगणात गाजलेला जेसी व्हेंच्युरा १९९८ मध्ये मिनेसोटाचा गव्हर्नर म्हणून निवडून आला, आणि पाच वर्षांनी शरीरसौष्ठवातला आर्नोल्ड श्वार्झनेगर कॅलिफोर्नियाचा. आपल्याकडे सचिन तेंडुलकरला २०१२ मध्ये राष्ट्रपतींनी राज्यसभेवर नेमलं. तिकडे कला-क्रीडेच्या मानापोटी सभागृहात नेऊन बसवण्याची सोय नाही. सिनेटर व्हायचं तर अख्ख्या राज्यापुढे हात जोडत फिरावं लागतं.

माझा मेव्हणा सत्तरच्या दशकापासून न्यू जर्सीत, एडिसनला राहतो. माझी मुलगी बॉस्टनला राज्यशास्त्र शिकते. या विषयावर मामा-भाचीचं अजिबात पटत नाही. त्यांचा वाद खाली, होता होईल तो त्यांच्याच शब्दांत देतो. मी हिशेबनीस माणूस, त्यामुळे ऐकणं हेच माझं काम. पण एके ठिकाणी मला राहवलं नाही.

मामा: मी या देशात पहिलं मत दिलं १९८४ साली, बिल ब्रॅडलीला. त्याआधी त्याला मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये निक्सकडून खेळताना पाहिलं होतं. बास्केटबॉलमध्ये याच्याहून उंच आणि चपळ माणसं पुष्कळ होती, पण मोकळी जागा कुठे होणार ते याला दोन क्षण आधी कळायचं. प्रिन्स्टनचा विद्यार्थी, १९६४ मध्ये टोकियोला सुवर्णपदक, मग ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्ड, मग निक्समध्ये दहा वर्षं आणि १९७० आणि १९७३ ची दोन विजेतेपदं. आणि सिनेटमध्ये अठरा वर्षं. एवढं करून माणूस मितभाषी. असा माणूस राजकारणात आला तर वाईट काय?

भाची: आला कसा, ते सांग ना. १९७८ साली तो पस्तीस वर्षांचा होता. साधी नगरपालिकेची निवडणूक लढवलेली नाही, आणि थेट सिनेट. पक्षांतर्गत निवडणुकीत त्याने हरवलं कोणाला? रिचर्ड लिओनीला, जो न्यू जर्सी राज्याचा खजिनदार राहिला होता. ज्याने राज्याची तिजोरी सांभाळली तो घरी, आणि ज्याने चेंडू टाकला तो सिनेटला. नाव सगळ्यांना ठाऊक, म्हणून मत. दुसरं काय?

मामा: नाव ठाऊक असल्यामुळे लोक ऐकायला येतात. ऐकल्यावर मत द्यायचं की नाही, ते लोकच ठरवतात. जॉर्जियात हर्शल वॉकरला कोण ओळखत नव्हतं? १९८२ ची कॉलेज फुटबॉलची हाइझमन ट्रॉफी, त्या राज्याचा देवच. २०२२ मध्ये सिनेटला उभा राहिला, हरलाच ना?

भाची: हरला, पण फेरमतदानात आणि जेमतेम. जवळजवळ निम्म्या मतदारांनी त्याला मत दिलं, मामा. आणि त्याच्या शेजारच्या अलाबामात काय झालं? टॉमी ट्यूबरव्हिल, ऑबर्नचा फुटबॉल कोच. २०२० मध्ये निवडून आल्यावर मुलाखतीत सरकारच्या तीन शाखा सांगताना न्यायपालिकाच विसरला. २०२३ मध्ये गर्भपातासाठीच्या प्रवासखर्चाच्या धोरणावर रुसून त्याने लष्करातल्या चारशेहून जास्त अधिकाऱ्यांच्या बढत्या काही महिने एकट्याने अडवून धरल्या. मैदानावरची जिद्द ती हीच का?

मामा: तो कोच. मी खेळाडूंबद्दल बोलतोय.

भाची: सोयीचं आहे तुझं.

मामा: बरं, मग ब्रॅडलीने सिनेटमध्ये काय केलं ते तरी बघ. १९८६ चा करसुधारणा कायदा. दर खाली आणायचे, आणि त्या बदल्यात श्रीमंतांनी कर चुकवण्यासाठी खणून ठेवलेल्या वाटा बुजवायच्या, ही कल्पना त्याने आणि डिक गेपहार्टने १९८२ मध्येच विधेयकात मांडली होती. तेव्हा कोणी ढुंकून पाहिलं नाही. चार वर्षांनी सर्वांत वरचा दर ५० टक्क्यांवरून २८ वर आला, आणि सिनेटने आपला मसुदा ९७ विरुद्ध ३ मतांनी मंजूर केला.

इथे मी तोंड घातलं, कारण आयुष्यभर ताळेबंद तपासणाऱ्याला हा किस्सा जवळचा आहे. ब्रॅडलीला करकायद्यात रस का वाटू लागला, तर खेळाडू असताना त्याला कळलं की करकायद्याच्या दृष्टीने आपण एक घसरती मालमत्ता आहोत. बेसबॉलचा संघमालक बिल व्हेक याने पूर्वी ही युक्ती काढली होती. संघ विकत घेतला की किमतीचा मोठा हिस्सा खेळाडूंच्या करारांवर दाखवायचा, आणि यंत्राचा दाखवतात तसा दरवर्षी त्यावर घसारा दाखवून मालकाचा कर वाचवायचा. माणूस मैदानावर घाम गाळतोय आणि वहीत त्याची किंमत दरसाल कमी होत्येय. हे ज्याला स्वतःबद्दल कळलं, त्याने वित्त समितीत जाऊन करातल्या पळवाटांची यादी काढत बसावं, यात मला तरी नवल वाटत नाही.

भाची: बाबा, पण हे खेळातून नाही आलं, हे नोकरीतून आलं. मालक आणि नोकर यांच्या संबंधातून. मला तेच म्हणायचंय. तुम्ही लोक म्हणता, खेळ संघभावना शिकवतो, हार पचवायला शिकवतो, नेतृत्व शिकवतो. ते सगळं बक्षीस समारंभातलं भाषण आहे. ब्रॅडली १९७० मध्ये ऑस्कर रॉबर्टसनबरोबर एनबीएविरुद्ध कोर्टात गेला, ते मला महत्त्वाचं वाटतं. खेळाडूंचे भाव पाडायला दोन लीग एकत्र येत होत्या. त्या दाव्याने ते विलीनीकरण अडवलं, आणि १९७६ च्या तडजोडीतून खेळाडूला संघ बदलण्याची वाट मोकळी झाली.

मामा: म्हणजे माझा मुद्दा तूच मांडत्येस.

भाची: अर्धाच. त्याने पदक जिंकलं नसतं आणि फक्त युनियनचं काम केलं असतं, तर तू त्याचं नाव तरी ऐकलं असतंस का?

मामा निरुत्तर झाला असं वाटलं, पण तो फक्त चहा ओतून घेत होता.

मामा: जॅक केंप घे. तो तर तुझ्या विरुद्ध पक्षाचा, मग तरी तुला माझं म्हणणं पटेल. क्वार्टरबॅक. अमेरिकन फुटबॉलमध्ये हा खेळ मांडणारा माणूस. १९५७ च्या निवडीत सतराव्या फेरीत कोणीतरी उचलला, मग या संघातून त्या संघात ढकलला गेला. १९६२ मध्ये सॅन दिएगोने बोट दुखावलं म्हणून यादीतून तात्पुरता बाजूला ठेवला, तर बफेलोने तो अवघ्या शंभर डॉलरना उचलला. शंभर! त्याच बफेलोला त्याने १९६४ आणि १९६५ मध्ये एएफएल या फुटबॉल लीगचं विजेतेपद मिळवून दिलं. खेळाडूंच्या संघटनेच्या संस्थापकांपैकी तो एक, आणि पाच वेळा तिचा अध्यक्ष. १९७० मध्ये बफेलोच्या परिसरातून काँग्रेसमध्ये गेला तो रिपब्लिकन म्हणून, आणि अठरा वर्षं राहिला. गिरण्या-भट्ट्यांतल्या कामगारांची मतं रिपब्लिकनाला मिळणं सोपं होतं का?

भाची: आणि तिथे जाऊन काय केलं? केंप-रॉथ करकपात विधेयक. १९८१ चा कायदा त्याच कल्पनेवर उभा राहिला, सर्वांत वरचा दर ७० वरून ५० टक्क्यांवर. तूट केवढी वाढली? युनियनचा अध्यक्ष, आणि मोठा लाभ कोणाला, तर संघमालकाला.

मामा: त्याला खरंच वाटायचं की कर कमी झाला की गरिबाच्या वस्तीतही धंदा उभा राहील. चुकला असेल. पण वस्तीत जायचा तरी. पुढे थोरल्या बुशच्या मंत्रिमंडळात गृहनिर्माण खातं सांभाळलं, तेव्हा सरकारी चाळींमध्ये फिरणारा रिपब्लिकन मंत्री लोक पहिल्यांदा बघत होते.

यातली एक गंमत दोघांच्याही नजरेतून सुटली, ती मी नोंदवून ठेवतो. १९७८ मध्ये ब्रॅडलीसमोर रिपब्लिकन उमेदवार होता जेफ्री बेल, आणि तो प्रचार करत होता केंप-रॉथचा. म्हणजे बास्केटबॉलवाल्याची पहिली निवडणूकच फुटबॉलवाल्याच्या करकपातीविरुद्ध झाली. पुढे १९८६ च्या कायद्याकडे जाताना टेबलावर जी दोन मुख्य विधेयकं होती, त्यांतलं एक ब्रॅडलीचं आणि दुसरं केंपचं. ज्या कायद्याने अमेरिकेच्या करपद्धतीची फेरमांडणी केली, त्याच्या दोन्ही बाजूंना माजी खेळाडू होते. त्या दोघांना लोकांनी ‘माजी खेळाडू’ म्हणून हिणवायचं बंद केलं ते या कामामुळे.

मामा: आणि रंगाचा प्रश्न? त्या काळात गोऱ्या अमेरिकन माणसाला काळ्या माणसाबरोबर रोज खाणं, प्रवास, एकाच खोलीत कपडे बदलणं, हे आणखी कुठे घडत होतं? १९६५ मध्ये एएफएलचा ऑल-स्टार सामना न्यू ऑर्लिन्सला होता. तिथे काळ्या खेळाडूंना टॅक्सी मिळेना, हॉटेल-क्लबात शिरू देईनात. त्यांनी खेळायला नकार दिला. केंपने त्यांची बाजू घेतली आणि सामना ह्यूस्टनला हलला. जेराल्ड फोर्ड मिशिगन विद्यापीठाच्या फुटबॉल संघाचा सेंटर होता. १९३४ मध्ये जॉर्जिया टेकने अट घातली की तुमचा काळा खेळाडू विलिस वॉर्ड मैदानात नको. फोर्ड खेळणारच नाही म्हणत होता. अध्यक्षपदावरून उतरल्यावर वीसेक वर्षांनी, १९९९ मध्ये, विद्यापीठातल्या प्रवेशधोरणाचं समर्थन करणारा लेख लिहिताना त्याने हीच आठवण काढली. आणि ब्रॅडली! १९९२ मध्ये रॉडनी किंग या काळ्या माणसाच्या प्रकरणात, पोलिसांनी त्याला छप्पन्न वेळा मारलं ते सिनेटला ऐकवायला हा पेन्सिलींनी छप्पन्न वेळा ठोकत राहिला. सभागृह गप्प.

भाची: हे मात्र मला मान्य. फक्त एक विचारते. हे तिघेही गोरे. ज्याला टॅक्सी मिळाली नाही त्याचं राजकारण कुठे आहे तुझ्या यादीत?

मामा: सांग मग.

भाची: राल्फ मेटकाफ. १९३६ ला बर्लिन ऑलिंपिकमध्ये शंभर मीटरला जेसी ओवेन्सच्या मागे एक दशांश सेकंदाने दुसरा. ओवेन्स जगाला ठाऊक, हा कोणालाच नाही. म्हणजे नावाचा फायदा बेताचाच. तो शिकागोला परतला आणि १९५५ पासून सोळा वर्षं वॉर्डाचा नगरसेवक होता. महापौर रिचर्ड डेलीच्या यंत्रणेतला माणूस, सांगतील तसं मत देणारा. कचरा, दिवे, नोकऱ्यांच्या चिठ्ठ्या. १९७१ ला काँग्रेसमध्ये गेला, काळ्या सदस्यांच्या कॉकसच्या संस्थापकांत होता. आणि १९७२ मध्ये शिकागोच्या पोलिसांनी काळ्या वस्तीतल्या दोन दंतवैद्यांना जी वागणूक दिली, त्यातल्या एकाला तर पक्षाघाताचा झटका आलेला असताना दारुडा ठरवून कोठडीत टाकलं, तेव्हा हा साठीचा माणूस डेलीविरुद्ध उभा राहिला. डेलीने त्याचा वॉर्डातला अधिकार काढून घेतला. १९७६ मध्ये त्याच्यासमोर आपला उमेदवार दिला. मेटकाफने त्याला धूळ चारली.

मामा: मग हा खेळाडूच ना?

भाची: होता. पण लोकांनी त्याला १९७६ मध्ये मत दिलं ते बर्लिनच्या पदकासाठी नाही. सोळा वर्षं वॉर्ड सांभाळला म्हणून त्याला मतदार नावानिशी ठाऊक होते, आणि यंत्रणा सोडली तरी ते त्याच्याबरोबर राहिले. मधली वर्षं वगळून तुम्ही लोक पदक आणि खासदारकी एकमेकांना चिकटवता.

मला विचाराल तर संध्याकाळभरात यापेक्षा पक्का मुद्दा कोणी मांडला नाही. पण मामा हार मानणाऱ्यांतला नाही, आणि त्याने नेमका तो माणूस काढला ज्याने माझंही गणित चुकवलं.

मामा: ठीक. मधली वर्षं म्हणतेस, युनियन म्हणतेस. मग बेसबॉलच्या पिचरचं, जिम बनिंगचं, काय करशील? १९६४ च्या जूनमध्ये फादर्स डेच्या दिवशी मेट्सविरुद्ध सत्तावीसच्या सत्तावीस फलंदाज परत पाठवले, एकालाही पहिल्या बेसवर पाय ठेवू दिला नाही. २२४ विजय. खेळाडूंच्या युनियनवर मार्व्हिन मिलरसारखा पोलादकामगारांचा अर्थतज्ज्ञ आणून बसवण्यात ज्यांचा हात होता, त्यांतला हा एक. १९६६ ची गोष्ट. दोन वर्षांत मिलरने किमान पगार सहा हजारांवरून दहा हजार डॉलरवर नेला. बनिंगनेही शॉर्टकट घेतला नाही. केंटकीत फोर्ट थॉमस नावाच्या गावाच्या नगरपरिषदेपासून सुरुवात, मग राज्याची सिनेट, गव्हर्नरपदाला एकदा आपटला, मग प्रतिनिधिगृह, मग १९९९ पासून सिनेट. तुझ्या सगळ्या परीक्षा पास!

भाची: आणि २०१० मध्ये त्यानेच बेकारभत्त्याची मुदतवाढ अडवली.

मामा: तेच तर सांगतोय. बेकारी ऐन भरात, आणि हा एकटा उठून म्हणाला, पैसे कुठून आणणार ते आधी सांगा. भत्ते थांबले, वाहतूक खात्याचे दोनेक हजार कर्मचारी बिनपगारी घरी बसले. स्वतःच्या पक्षाचे लोक हात जोडत होते. काही दिवसांनी माघार घेतली, पण तोवर व्हायचं ते झालं. युनियनने शिकवलेला माणूस!

भाची थोडा वेळ बोलली नाही. मग म्हणाली, पिचर शेवटी एकटाच उभा असतो. मामा हसला. मला हे उत्तर फारसं पटलं नाही. बनिंगने मालकांशी झगडून जे मिळवलं ते करारातून मिळवलं होतं, सरकारच्या तिजोरीतून नाही. त्याच्या लेखी या दोन गोष्टी वेगळ्या असाव्यात. मला तो हेकट वाटतो, पण विसंगत वाटत नाही. खेळाडू म्हणून तो कसा मतदान करील हे कोणालाही आधी सांगता आलं नसतं, आणि माझ्या मते या सगळ्या विषयात एवढीच गोष्ट खात्रीने म्हणता येते.

शहरांचे महापौर झालेल्यांवर दोघांनी फार वेळ घालवला नाही. डेव्ह बिंग बास्केटबॉलच्या पिस्टन्स संघाकडून खेळला, मग डेट्रॉइटमध्ये पोलादाचा कारखाना काढून शेकडो लोकांना काम दिलं, २००९ मध्ये महापौर झाला. त्याच्यासारखी तयारी असलेला माणूस शोधून सापडला नसता. तरी २०१३ च्या जुलैमध्ये शहराने सुमारे १८ अब्ज डॉलरच्या देण्यापोटी दिवाळखोरीचा अर्ज केला, आणि तो करण्याचा अधिकारही तोवर राज्याने नेमलेल्या प्रशासकाकडे गेला होता. बुडत्या शहराला ना खेळ कामी आला ना कारखानदारी. सॅक्रामेंटोच्या केव्हिन जॉन्सनने मात्र गावचा किंग्ज संघ सिॲटलला जाऊ दिला नाही. २०१३ मध्ये त्याने आणून उभा केलेला खरेदीदार म्हणजे मुंबईत जन्मलेले विवेक रणदिवे. हे सांगताना मामाची छाती फुगली. भाचीने लगेच टाचणी लावली, की नव्या स्टेडियमसाठी शहराने पंचवीस कोटी डॉलरहून जास्त पैसा घातला, आणि जो स्वतः एनबीएत खेळला त्याला एनबीए गावातून गेली तर जग बुडेल असं वाटणारच.

भाची: आणि बायका? तुझ्या यादीत अजून एक तरी बाई आली का?

मामा: शारिस डेव्हिड्स. कॅन्ससची. मिक्स्ड मार्शल आर्ट्स लढायची, २०१९ पासून प्रतिनिधिगृहात आहे. मूळनिवासी समाजातल्या ज्या दोन स्त्रिया पहिल्यांदा काँग्रेसमध्ये गेल्या, त्यांतली एक.

भाची: आणि कॉर्नेलमधून वकील झालेली. पण एवढीच? कारण उघड आहे. मुलींच्या खेळाला पैसा द्यायला लावणारा ‘टायटल नाइन’ कायदा १९७२ चा. बायकांची बास्केटबॉल लीग, डब्ल्यूएनबीए, सुरू झाली १९९७ मध्ये. ब्रॅडलीला जे नाव विशीत मिळालं, ते मिळायची सोयच बायकांना नव्हती. म्हणून त्यांनी राजकारण कसं केलं ते बघ. २०२० मध्ये अटलांटा ड्रीम या संघाची एक मालकीण होती केली लोफलर, तीच जॉर्जियाची सिनेटर. तिने ‘ब्लॅक लाइव्ज मॅटर’ला विरोध केला. तेव्हा तिच्याच संघाच्या मुली ऑगस्टमध्ये ‘व्होट वॉर्नॉक’ लिहिलेले टी-शर्ट घालून आल्या. तो तिच्याविरुद्ध उभा असलेला पाद्री. जानेवारी २०२१ च्या फेरमतदानात वॉर्नॉक जिंकला, सिनेट पन्नास-पन्नास झालं आणि बहुमत फिरलं. फेब्रुवारीत संघही विकला गेला. आणि त्याच वॉर्नॉकने २०२२ मध्ये हरवलं कोणाला? तुझ्या हर्शल वॉकरला. एका जागेच्या इतिहासात खेळाडूंनी दोनदा भाग घेतला. ज्या उभ्या राहिल्या नाहीत त्यांनी देशाचं सिनेट बदललं, आणि जो उभा राहिला तो पडला.

मामा: मग काय, खेळाडूंनी नुसते टी-शर्ट घालायचे?

भाची: तसं नाही म्हणत मी.

मामा: पण निघतो अर्थ तसाच. बाहेरून दबाव आणणारे हवेतच. पण कायदा आत बसून लिहावा लागतो. २०२१ मध्ये ट्रम्पवरच्या महाभियोगाला ज्या दहा रिपब्लिकन सदस्यांनी पाठिंबा दिला, त्यांत अँथनी गोन्झालेझ होता, फुटबॉलच्या कोल्ट्स संघाकडून खेळलेला. त्याला माहीत होतं की हे मत म्हणजे आपली जागा गेली. धमक्या आल्या, पुन्हा उभा राहिला नाही. ते मत आत बसलेल्यालाच देता आलं.

हा मुद्दा मामाचा, आणि मुलीने तो निमूटपणे घेतला. शेवटी मी विचारलं, की ऑलिंपिक, विजेतेपद, युनियन, सिनेट एवढं करून यांच्यातला कोणी अध्यक्ष का झाला नाही? केंप १९९६ मध्ये बॉब डोलबरोबर उपाध्यक्षपदाला उभा राहिला आणि हरला. ब्रॅडली २००० मध्ये पक्षाच्या उमेदवारीसाठी अल गोरविरुद्ध लढला आणि एकही राज्य त्याच्याकडे वळलं नाही. मामाने फोर्डचं नाव घेतलं. पॅकर्स आणि लायन्स या दोघांनी बोलावूनही तो व्यावसायिक फुटबॉल खेळला नाही, येलला प्रशिक्षकाचं काम करत वकील झाला. निक्सनने आधी त्याला उपाध्यक्ष नेमला आणि पुढे स्वतः राजीनामा दिला, म्हणून १९७४ मध्ये तो अध्यक्ष झाला. १९७६ मध्ये पहिल्यांदाच देशभर मतं मागितली, तेव्हा जिमी कार्टरने त्याला हरवलं.

मामा: जाऊ दे. तू आज मत देशील असा एक तरी खेळाडू सांग.

भाची: कॉलिन ॲलरेड. फुटबॉलच्या टायटन्स संघाचा लाइनबॅकर. खेळ संपल्यावर बर्कलीला कायदा शिकला, गृहनिर्माण खात्यात वकिली केली, मग डॅलसमधून प्रतिनिधिगृहात तीन मुदती. मी टेक्ससची असते तर २०२४ मध्ये सिनेटसाठी त्याला मत दिलं असतं, आणि त्याच्या टॅकल्ससाठी नाही.

मामा: मीसुद्धा. टॅकल्ससकट.

टेक्ससने टेड क्रूझला निवडून दिलं.